वाल्टेरच्या समुद्राला घातलेली पाळ

घ्या, आधी चहा घ्या. बशीत ओतून घ्या, पण घोट गिळल्याशिवाय पुढचं ऐकू नका. मागे हा किस्सा सांगताना आमच्या गुरुजींना असा ठसका लागला, की त्यांचा चष्मा माझ्या मांडीवर येऊन पडला. आणि हसायचं तर खुशाल हसा. इतकी वर्षं झाली, आता मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण चहा पाजून लोकांना सांगण्याइतपतच.

मी नवेगाव बांधचा. आमचा बांध म्हणजे मैलच्या मैल पसरलेला जुना तलाव. भोवती सात बहिणींचे डोंगर, आणि पाणी अडवणाऱ्या मातीच्या पाळीच्या खाली आम्हा सगळ्यांची धानाची शेती. माझा बाप तिथला पाणकर. पाळीची निगा राखायची आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, किती पाणी जाईल ते बघायचं, हे पाणकराचं काम. म्हणजे मी चालायला शिकलो तो पाळीवर, आणि मार खाल्ला तोही पाळीवरच. त्यामुळे पाण्यातलं आपल्याइतकं कोणालाच कळत नाही, असा माझा तेव्हा ठाम समज होता. तुम्ही हसताय? अहो, अजून तर समुद्र यायचाय!

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. माझ्या लग्नाला चार. बायकोचं नाव पार्बता. तिचा थोरला भाऊ तुळशीरामदादा वाल्टेरला रेल्वेत होता. वाल्टेर म्हणजे समुद्रकाठचं शहर, एका अंगाला डोंगर आणि एका अंगाला नुसतं पाणी. दादाच्या मनातून बहीण द्यायची होती रेल्वेतल्या एका बाबूला. तिच्या बापानं दिली मला, चिखल तुडवणाऱ्याला! दादा लग्नाला आला, अक्षता टाकल्या आणि पानावरून उठला तो थेट गाडीत जाऊन बसला. त्यानंतर चार वर्षांत आमच्या उंबरठ्याला त्याचं पाऊल लागलं नाही. कार्ड यायचं ते बहिणीच्या नावानं, आणि खाली कोपऱ्यात माझ्यासाठी एक ओळ, 'पाहुण्यांना नमस्कार.'

एका वर्षी धान घरात आलं आणि दादाचं कार्ड आलं. थंडीचे दिवस आहेत, दोघंही आठ दिवस येऊन समुद्र पाहून जा. दोघंही! पार्बतानं ते कार्ड शेजारच्या चार घरांत वाचून दाखवलं. तिला वाचता येत होतं, म्हणून तर दादाला ती बाबूला द्यायची होती.

देवलगावच्या ठेसनावर छोट्या गाडीची वाट बघताना ती हळूच म्हणाली, "अजी, माझं एकच मागणं हाय. दादापुढं मले मान खाली घालाले लावू नोका."

"म्हंजे? मी काय येडा हाव काय?"

"येडे कोन म्हनते? पन तिथं सगळे शिकलेले लोक येतेत. आपला मानूस त्यांच्याहून कमी नाई, एवढं दादाले दिसलं पाह्यजे. मग तो येईन आपल्या घरी."

म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले. मला काय, बायकोच्या डोळ्यात पाणी म्हटलं की मी कशालाही हो म्हणतो. मी तिला वचन दिलं.

गोंदिया आलं, मोठी गाडी धरली, रायपूरला ती बदलली, आणि मग डोंगर, बोगदे, पुन्हा डोंगर. पार्बता लहानपणी आईबरोबर दादाकडे जाऊन राहिली होती, दोन-चार उन्हाळे. त्यामुळे ती मला एकेक सांगत होती. "समुद्राचं पानी ना जी, आपल्या बांधासारखं नसते. ते दिवसातून..."

"हे पाय पार्बता," मी म्हणालो, "बाकी काई पन सांग. पान्याचं मले सांगू नोको. मी पाणकराचा पोरगा हाव."

ती खिडकीकडे वळली. मीही खिडकीतून बाहेर बघत बसलो. आता वाटतं, तेव्हा तिला वाक्य पुरं करू दिलं असतं तर आज तुम्हाला नुसता चहा मिळाला असता.

वाल्टेरला थंडीत कुठकुठून पाहुणे येतात. बंगाली येतात, मद्रासी येतात, आपल्या नागपूरचेही दोन-चार भेटले. आणि आलेला प्रत्येक जण काही ना काही खेळत असतो! मला याचंच फार नवल वाटलं. आमच्याकडे मोठा माणूस खेळताना दिसला तर लोक त्याला घरी सांगून येतात. इथे टकलं पडलेले लोक रेतीत चेंडू उडवत होते. कोणी पतंग उडवत होते. कोणी ओंडके बांधलेल्या होडीवर बसून कोळ्यांबरोबर लाटांवर जाऊन येत होते, आणि परत आल्यावर ओले कपडे पिळत हसत होते. एक जाडजूड बाई तर छत्री घेऊन डोंगर चढत होत्या. वर देऊळ आहे का विचारलं, तर नाही म्हणे, नुसतं चढायचं आणि उतरायचं!

पहिल्या तीन दिवसांत मी चांगला वागलो. खरंच सांगतो! दादानं डोंगरावरच्या दीपगृहापाशी नेलं, तर मी सगळ्यांच्या आधी वर जाऊन बसलो आणि दोन बंगाली पाहुण्यांना हात देऊन वर ओढलं. होडीवर गेलो, तर कोळ्याच्या हातातलं वल्हं घेऊन मीच हाणलं. समुद्र बघून मात्र मी एवढंच म्हणालो, "मोठा हाय. पन दुसरा काठ दिसत नाई, म्हंजे मोजनी बरोबर झाली नसावी." दादा हसला. तिसऱ्या दिवशी जेवताना तो बहिणीला म्हणाला, "पाव्हने अंगानं दमदार हायेत, बरं का." पार्बतानं माझ्या पानात न मागता आणखी भात वाढला.

आणि मग आला रविवार.

रविवारी दादाचे मोठे साहेब सहकुटुंब समुद्रावर यायचे होते. सोबत ऑफिसातली चार घरं. डबे, सतरंज्या, चहाचा सरंजाम, सगळं. दादा आदल्या दिवसापासून मला सांगत होता, "साहेब सज्जन मानूस हाय. जेवढं विचारतीन तेवढंच बोला." मी पांढरंशुभ्र धोतर नेसलो, वर काळा कोट चढवला. पार्बतानं लग्नातली हिरवी साडी काढली.

सकाळी पोहोचलो. सतरंज्या अंथरल्या. थोड्या वेळानं दादा आणि ऑफिसातले दोघं-तिघं खडकांवर गळ टाकून मासे पकडायला निघून गेले, पार लांब, टेकाडाच्या पलीकडे. साहेब अर्ध्या चड्डीत, डोक्यावर टोपी, आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. मुलं रेतीचे किल्ले करत होती. मला काही काम नव्हतं.

आता पाणकराच्या पोराला पाण्याजवळ रिकामं बसवलं की तो काय करणार? काडी रोवणार! आमच्या बांधावर हीच रीत. पाणी जिथे टेकतं तिथे काडी रोवायची. घटकाभरानं बघायचं, पाणी चढलं की उतरलं. आता इथे लाटा होत्या, पण लाटा काय, वाऱ्यानं आमच्या बांधातही येतात. सगळ्यात पुढची लाट जिथे येऊन विरत होती, तिथे मी एक काडी रोवली आणि दाणे खात बसलो.

थोड्या वेळानं बघतो, तर काडी पाण्यात!

म्हटलं, चुकलं असेल. दुसरी काडी आणली, पाच पावलं मागे रोवली. पुन्हा बघितलं. तीही पाण्यात! पहिल्या काडीपाशी जाऊन हात घातला, तर पाणी एक वीत चढलेलं.

तुम्ही हसता, पण माझ्या जागी बसून बघा जरा. आभाळात ढग नाही. महिना-दोन महिने पाऊस नाही. आणि पाणी चढतंय! आमच्याकडे कोरड्या दिवसांत पाणी असं वीतभर चढलं, तर त्याचा अर्थ एकच, की वरचा एखादा तलाव फुटला आणि ते सगळं पाणी आपल्या पाळीवर येऊन राहिलं. मग घरात बसणाऱ्याचं घर राहत नाही. मी समुद्राकडे बघितलं. एवढ्या मोठ्या पाण्याच्या वर फुटलेला तो तलाव केवढा असेल! मागे वळून बघितलं, तर रस्ता, बंगले, शाळा, सगळं पाण्याच्या पातळीला लागून. आणि पाळ? पाळ कुठेच नाही! एवढं मोठं शहर वसवलं आणि कोणी हातभर पाळ घातली नाही!

जवळच एक म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत होता. मी त्याच्याकडे धावलो. तेलुगू मला येईना, मराठी त्याला येईना. मी चढणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवलं. त्यानं मान डोलावली. मी विचारलं, कुठपर्यंत? हातानंच. त्यानं शांतपणे बोट उचललं आणि आमच्या सतरंज्यांना लागूनची जागा दाखवली. मग आपली होडी वर ओढली, जाळं खांद्यावर टाकलं आणि एका झाडाखाली जाऊन डोक्यावर फडकं घेऊन आडवा झाला.

मला भडभडून आलं. बिचाऱ्यानं आशाच सोडली होती!

मी सतरंजीकडे पळत आलो. "पार्बता, ऊठ! पदर खोच!"

"काऊन? का झालं?"

"पानी चढून राहिलं! वीतभर चढलं!"

तिनं समुद्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अजी, ऐका तं खरं. ते तं रोजच..."

"ऐकाची येळ नाई!"

शेजारी तेलाचा रिकामा पिपा पडला होता. मी तो उचलला, एक काठी घेतली आणि जो बडवायला लागलो! बांधावर आमचा आवाज पाण्याच्या या टोकाहून त्या टोकाला जातो. तोच आवाज मी वाल्टेरच्या समुद्रावर लावला. "धावा हो धावाऽ! रेती टाका! पाळ बांधाऽ!"

आमच्याकडे याचे नियम ठरलेले आहेत. जो बोंब मारेल त्यानंच पहिली टोपली टाकायची. पाण्याच्या कामात मालगुजार आणि मजूर एकाच रांगेत उभे राहतात. आणि एकदा पाळीवर चढलेला माणूस पाणी उतरेपर्यंत खाली येत नाही. मी कोट फेकला, फळांची टोपली उपडी केली, रेतीनं भरली आणि पाण्यापुढे नेऊन ओतली.

आणि काय सांगू! लोक आले हो! आधी किल्ले करणारी मुलं आली. मग चेंडू खेळणारी कॉलेजची पोरं आली. मग ते बंगाली पाहुणे धोतर खोचून आले, छत्रीवाल्या बाई छत्री उलटी धरून तिच्यात रेती भरून आल्या! कोणाला माझी भाषा कळत नव्हती. पण मी एकेकाच्या दंडाला धरून रांगेत उभा केला, या हातातली टोपली त्या हातात कशी द्यायची ते दाखवलं, आणि काम सुरू झालं. माझे डोळे भरून आले. म्हटलं, काय ही माणसं! संकट दिसलं आणि परकेपण विसरून गेली! हसत हसत काम करून राहिली! मरणापुढे असं हसणारे लोक मी कधी बघितले नव्हते.

हसत का होती, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. तिथेच घोडं पेंड खातं.

एवढ्यात साहेब वर्तमानपत्र ठेवून उठले. "क्या हो रहा है?" त्यांनी विचारलं.

दादानं सांगितलेलं, जेवढं विचारतील तेवढंच बोला. मी कोळ्याच्या होडीतलं घमेलं साहेबांच्या हातात दिलं. "पानी रोकना है साहब! जल्दी!"

साहेबांनी घमेल्याकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, आणि टोपी काढून खुर्चीवर ठेवली. "हम किस तरफ?"

"बीच में!" मी सांगितलं, आणि मोठे साहेब गुडघ्याएवढ्या रेतीत उतरले. मागोमाग त्यांच्या मडमेसारख्या राहणाऱ्या बाई चपला काढून आल्या. आता सांगा, मला वाटणार नाही का, की खरंच शहर बुडतंय?

आणि पार्बता? ती थोडा वेळ तशीच उभी होती. तिनं त्या चाळीस-पन्नास माणसांकडे बघितलं, मध्ये उभं राहून ओरडणाऱ्या माझ्याकडे बघितलं. मग तिनं त्या हिरव्या साडीचा पदर खोचला आणि रांगेत येऊन उभी राहिली. तिच्याएवढी रेती त्या दिवशी कोणी वाहिली नाही. चांगल्या साडीची पार माती झाली.

पाळ झाली चांगली कमरेएवढी. पाणी येऊन तिच्या पायाशी लागलं, एक कोपरा ढासळला, सगळे ओरडले, मी तिथे आडवा पडलो! हो, अंगानंच भोक बुजवलं, आमच्याकडे बुजवतात. पोरांनी माझ्या पाठीवर रेती ओतली. पाणी आणखी थोडं चढलं, मग रेंगाळलं. मी काडीवर डोळा ठेवून होतो. पाणी थांबलं. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, दोन बोटं मागे सरलं!

मी पाळीवर उभा राहून दोन्ही हात वर केले. "उतरलं! पानी उतरलं!"

काय टाळ्या पडल्या! पोरांनी मला खांद्यावर घेतलं. बंगाली पाहुण्यांनी मिठी मारली. मी कोणाच्या तरी डब्याजवळचा नारळ मागून घेतला आणि पाण्यापाशी जाऊन समुद्राला वाहिला. हात जोडून म्हणालो, "देवा, लाज राखली."

मी तिकडे नारळ वाहत असताना इकडे दादा मासे घेऊन परत आला. त्यानं बघितलं, साहेब नखशिखांत रेतीनं भरलेले, बाईसाहेबांचे केस सुटलेले, आणि मधे ही पाळ. त्याच्या हातातले मासे गळून पडले. "हे कोनं केलं?"

पार्बता पुढे झाली. ती काय बोलली ते मला फार उशिरा समजलं. ती म्हणाली, "दादा, हा आमच्या गावचा खेळ हाय. पान्याच्या आधी पाळ पुरी करावाची. यांनी सगळ्याले शिकोला."

दादा हळूहळू साहेबांकडे वळला. साहेब हसत होते. त्यांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. "तुम्हारे बहनोई तो कमाल के आदमी हैं! इतने साल में ऐसा मजा नहीं आया!"

पार्बता सांगते, दादाचा चेहरा तेव्हा असा खुलला, की तसा तिनं कधीच बघितला नव्हता. मी परत आलो तर दादानं स्वतः माझ्या अंगावरची रेती झटकली! "या, जवाईबापू, बसा," म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा जवाईबापू! मला वाटलं, शहर वाचवल्याबद्दल एवढं तर होणारच. मी नम्रपणे बसलो. समोर पार्बता बसली होती. केसांत रेती, साडी ओली, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मी मनात म्हणालो, वचन पाळलं बुवा आपण.

चहा आला. भजी आली. माझ्या बशीत साहेबांच्या बाईंनी स्वतःच्या हातानं वाढलं. सगळं कसं छान चाललं होतं! इथेच मी भजी खात बसलो असतो, तर काय बिघडलं असतं? पण साहेबांनी कप खाली ठेवला आणि प्रेमानं विचारलं, "अच्छा, इस खेल का नाम क्या है?"

"कौनसा खेल?" मी विचारलं.

"यही, जो अभी खेला."

पार्बता पटकन म्हणाली, "पाळबांधनी! पाळबांधनी म्हंतेत त्याले आमच्याकडं!" आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मला वाटलं, डोळ्यात रेती गेली असेल.

आणि माझा संताप झाला हो! मी एवढं शहर वाचवलं, पाळीच्या भोकात आडवा पडलो, आणि हे म्हणतात खेळ? मी बशी बाजूला ठेवली, उभा राहिलो आणि म्हणालो, "खेल? खेल कायका साहब! समुंदर फूट गया था!"

सगळे माझ्याकडे वळले.

"अजी," पार्बता म्हणाली, "भजी घ्या ना. थंड होऊन राहिली."

"थांब वं! यायले समजलंच नाई!" आणि मी साहेबांना माझ्या हिंदीत सगळं समजावून सांगितलं. काडी कशी रोवली, दुसरी कशी रोवली, वीत कशी मोजली. म्हातारा कोळी कसा बिचारा आशा सोडून झोपला. वरचा तलाव कुठे तरी फुटलाय, तो तुम्ही उद्याच शोधून काढला पाहिजे, नाही तर पाणी परत येईल. "और साहब," मी शेवटी म्हणालो, "इतना बडा शहर, और तुडुम भी नहीं रखा?" तुडुम म्हणजे आमच्या तलावाची पाणी सोडायची मोरी. तेही मी रेतीत आखून दाखवलं.

साहेब ऐकत होते. माझं बोलणं संपलं. त्यांनी दादाकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, "आपको ज्वार-भाटा नहीं मालूम?"

"वो कौन है?" मी म्हणालो.

पुढचं काय विचारता! साहेब खुर्चीसकट मागे कलंडले. बाईसाहेबांनी पदरात तोंड लपवलं. बंगाली पाहुण्यांना कोणीतरी भाषांतर करून सांगितलं, ते दोन मिनिटं उशिरा लोळले. दादा आधी लाल झाला, मग त्यालाही आवरेना, तो रेतीत बसूनच हसायला लागला. ती कॉलेजची पोरं मला समजावायला लागली, की पाणी रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, जगाच्या सुरुवातीपासून! आज सकाळी चढलं, रात्री परत चढणार, कोणी पाळ घालो न घालो. आणि तो झाडाखालचा म्हातारा कोळी एव्हाना उठून आरामात होडी पाण्यात ढकलत होता.

मी पार्बताकडे बघितलं. तिनं मान खाली घातली होती.

तेव्हा मला कळलं. तिला सगळं माहीत होतं. लहानपणचे ते दोन-चार उन्हाळे तिनं हे पाणी चढताना-उतरताना बघितलं होतं. आणि तरीही, चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायला नको म्हणून, लग्नातल्या साडीनं ती रेती वाहत राहिली. मग खेळाचं नाव सांगून माझी लाज झाकली. आणि मी स्वतःच्या हातानं ती उघडी केली! खरं सांगतो, मला इतकी लाज वाटली, की वाटलं, आता खरोखरच एखादा तलाव फुटून यावा आणि मला घेऊन जावा. आणि तिच्यावर इतकी माया आली, तेवढी लग्नाच्या दिवशीही आली नव्हती.

उरलेले दिवस कसे गेले विचारू नका. मी रस्त्यावरून निघालो की पोरं पिपा वाजवायची. साहेबांचा शिपाई रोज सकाळी येऊन विचारायचा, "साहब पूछते हैं, आज पानी कैसा है?" पार्बता मला जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही. एक शब्द नाही.

निघायच्या दिवशी दादा ठेसनावर पोहोचवायला आला. गाडी सुटायला आली तेव्हा त्यानं खिडकीतून हात घालून बहिणीचा हात धरला. "पार्बता, दिवाळीले मी येतो तुमच्याकडं."

ती चमकली. "खरंच येतो दादा?"

"येतो. साहेब पन म्हंतेत, तुमच्या गावचा बांध पाहाचा हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जवाईबापू, मानूस तुमी भोळे हा. पन आमच्या साहेबाच्या हातात घमेलं देनारा मी पयल्यांदाच पायला." आणि हसत हसत निघून गेला.

गाडी सुटली. डोंगर आले, बोगदे आले. पार्बता खिडकीबाहेर बघत होती. मी मधून मधून खाकरत होतो. ती गप्प. रायपूर आलं, गाडी बदलली, तरी ती गप्पच. डोंगरगड जवळ आलं तेव्हा मला राहवेना. म्हटलं, दादा येतो म्हणाला, आता हिचा राग गेला असेल. मी जरा सरसावून बसलो.

"काई म्हन पार्बता," मी म्हणालो, "शेवट गोडच झाला. नाई काय?"

ती माझ्याकडे वळली. पाच दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"त्या दिवशी फुटलं होतं ते तुमचं तोंड," ती म्हणाली, "आन मी येडी, दिवसभर रेती टाकत राहिली समुद्रापुढं!"